माझ्या पंपाचं पेट्रोल

९ मार्च

लव्हॉनने आज ही वही आणून दिली. म्हणाली, "आर्लन, गावाला नावं ठेवायची ती ह्यात ठेव. माझे कान किटले." पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोकडून मिळालेली ही बक्षिसी. वही निळी आहे, दोनशे पानांची. आमच्या गावातल्या मूर्खांना दोनशे पानं पुरायची नाहीत, पण सुरुवात तर करू.

मी आर्लन ट्वेट, वय एकाहत्तर. हॅल्वर गावच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना वर्कशॉप शिकवलं. अर्ध्या गावाला हातोडा कुठून धरायचा ते माझ्यामुळे कळतं, उरलेलं अर्धं गाव अजून उलटा धरतं. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं गॅरेजात खपून मी एक विमान बांधलं. अॅल्युमिनियमचं, दोन माणसांचं. गेली सहा वर्षं ते उडतंय. त्यातला पत्रे जोडणारा एकूण एक रिव्हेट माझ्या हातचा आहे. गाव म्हणतं, मास्तरांना खूळ लागलं. हे कोण म्हणतं, तर ज्यांनी आख्ख्या आयोवा राज्यात पिकणारा मका गाळून त्याची दारू केली आणि ती गाड्यांच्या टाक्यांत ओतली, ते.

ह्या दारूचं नाव इथेनॉल. गावाबाहेर त्याचा कारखाना आहे, रात्रंदिवस वाफ सोडतो, आणि वारा दक्षिणेचा असला की चर्चमध्येसुद्धा आंबलेल्या पिठाचा वास येतो. गावात प्रत्येकाकडे त्याचे शेअर आहेत. लव्हॉनकडेही आहेत, बापाकडून आलेले. अध्यक्ष कोण, तर तिचा सख्खा भाऊ डेल्मर ऑस्बी. तेरा वर्षांपूर्वी कारखान्यासाठी शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली तेव्हा चारशे माणसांत मी एकटा उभा राहिलो. म्हणालो, हा पदार्थ रबर खातो, पाणी ओढतो, इंजिनांची वाट लावेल. आणि डेल्मरला म्हणालो, बापाने राखलेली जमीन तू दारूच्या भट्टीला लावतोयस. त्यांचा बाप जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. हे त्या वेळी माझ्या लक्षात होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही.

तेव्हापासून डेल्मर आणि मी बोलत नाही. नाताळला एका टेबलावर बसतो, बटाट्याचं भांडं लव्हॉनच्या हातून इकडून तिकडे जातं.

१९ मार्च

शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या पेट्रोल पंपावर जाऊन चार कॅन भरून आणले. तिथल्या सगळ्या पंपांना मक्याचं पाणी लागलंय, कोपऱ्यातला एक सोडून. तो माझा पंप. दहा वर्षांपूर्वी दारोदार हिंडून मी एकशेबारा सह्या गोळा केल्या आणि एक पंप निव्वळ पेट्रोलचा ठेवायला सोसायटीला भाग पाडलं. विमानात दुसरं काही घालत नाही. म्हणूनच माझ्या इंजिनाच्या रबरी नळ्या साध्या, जुन्या पद्धतीच्या आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या महागड्या नळ्या ज्यांना आपलं पेट्रोल कुठून येतं ते ठाऊक नाही, त्यांनी वापराव्यात.

पंपावर कर्ट होता. सोसायटीचा मॅनेजर, माझा जुना विद्यार्थी. ह्याने आठवीत पक्ष्याचं घर बनवलं होतं, दार ठेवायला विसरला होता. मी कॅन भरत असताना हात खिशात घालून जवळ येऊन उभा राहिला.

"सर, ह्या पंपाचं तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा..."

"ह्या पंपाचं तू मला शिकवणार?"

"छे छे. तेच म्हणतोय. तुम्हाला नाही तर कोणाला ठाऊक असणार." मग जोडे बघत म्हणाला, "बरं वाटलं सर, एवढंच. सगळ्यांनाच बरं वाटलं."

काय बरं वाटलं ते त्याचं त्याला माहीत. पंपही त्यांनी चिकटपट्ट्यांनी भरून टाकलाय. लॉटरीची एक, सॉसेजची एक, सरकारी एक, त्यावर आणखी एक. मी चिकटपट्ट्या वाचत नाही.

गाव ह्या हिवाळ्यात माझ्याशी विचित्र गोड वागतंय. कॅफेवालीने परवा अॅपल पायचा तुकडा फुकट दिला. पाद्रीबुवांनी हात दोन्ही हातांत धरला. लव्हॉनला म्हटलं, मी मरायला टेकलोय असं डॉक्टरने ह्यांना सांगितलंय का? ती हसली आणि माझ्या कॉलरवरचा दोरा काढला. तीही हल्ली गोडच वागते.

६ एप्रिल

विमान बांधणाऱ्यांच्या मंडळाची सभा. पंधरा टकली आणि एक रोझाली कुचेरा. रोझाली चाळीस मैलांवरून येते, विमान कंपनीत तीस वर्षं मेकॅनिक होती, आता मंडळाची सल्लागार. तिला वाटतं, तिच्याआधी जगात कोणी पाना हातात धरला नव्हता.

आज नवा सभासद आला. दंतवैद्य. विकत घेतलेलं विमान, नवंकोरं जाकीट, आणि पेट्रोल कुठलं भरतो विचारलं तर म्हणे, "रस्त्यात लागेल ते." मी माझी काचेची नळी काढली. खुणेपर्यंत पाणी, वर त्याच्या टाकीतलं पेट्रोल, अंगठा लावून हलवलं आणि सगळ्यांसमोर उभं धरलं. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून खालचा पाण्याचा थर खुणेच्या वर चढतो. चढलाच. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही दारू प्यायलेलं विमान चालवताय. लोकांचे दात तपासता, स्वतःच्या टाकीत कधी डोकावलात? दिव्याखाली अंधार!" सगळे हसले. दंतवैद्य कानापर्यंत लाल झाला.

रोझाली तेवढी हसली नाही. "आणि तुझं, आर्लन?"

"माझं काय?"

"तुझं शेवटचं कधी तपासलंस?"

आता मात्र मंडळी पोट धरून हसली. माझं पेट्रोल तपासायचं! तिला म्हटलं, मी माझ्या आईचा जन्मदाखलाही कधी तपासला नाही.

"नळ्या किती वर्षांच्या झाल्या?"

"सहा."

"पाच वर्षांनी बदलतात."

"विमान कंपनीत बदलतात," मी म्हणालो, "तिथे पैसे प्रवाशांचे असतात."

२१ एप्रिल, ईस्टर

हे लिहून ठेवलंच पाहिजे. डेल्मर बोलला.

जेवण आमच्याकडे होतं. हॅमची ताटली त्याच्याकडे होती. लव्हॉनने सवयीने हात पुढे केला, तर त्याने तिच्या हाताला वळसा घालून ताटली सरळ माझ्यापुढे धरली. टेबलावर सगळे काटे थांबले.

"घे मास्तर," तो म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "कानावर आलंय माझ्या. बोलत नाही त्यावर, काळजी करू नकोस. पण बरं केलंस."

काय बरं केलं? मी विचारणार होतो. पण लव्हॉन माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी हॅमचे दोन तुकडे घेतले आणि "हं" म्हणालो. पाद्रीबुवांच्या छपरासाठी मी काहीतरी दिलं होतं, तेच असणार.

जेवणानंतर गोड खाताना तो परत म्हणाला, "मास्तर, ह्या पिकानंतर मी शेती सोडतोय. गुडघे गेले. जमीन खंडाने देणार. सगळी एकदा वरून बघायची होती. नेशील?"

सहासष्ट वर्षांचा माणूस, पोराने मागावं तसं मागत होता. मला ठाऊक आहे तो कशाला येतोय. माझ्या विमानात काहीतरी खोट काढून कारखान्याच्या बोर्डात मला हसायला. न्यायचंच ह्याला. इतकं सफाईने न्यायचं की बोर्डाला सांगायला काही उरू नये. जून ठरला, पेरण्या आटपल्यावर.

भांडी घासताना लव्हॉन गाणं गुणगुणत होती. तिला गाता येत नाही, पण तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

१४ मे

इंजिनाआधी पेट्रोल गाळणारी एक छोटी वाटी असते. ती उघडली तर तळाशी काळे कण. मिरपुडीएवढे, दहा-बारा. बोटाने दाबले तर पसरतात.

धूळ. सगळ्या तालुक्यात पेरण्या चालू आहेत, आभाळ तपकिरी झालंय. शिवाय ही वाटी आता कुठे बनवतात कोण जाणे, झाकण नीट बसत नाही. पूर्वीच्या वाट्या जन्मभर टिकायच्या. पुसून बसवली.

पूर्ण ताकदीने चढताना इंजिन एकदा खोकलं. एकदाच. गारवा होता.

घरी आल्यावर लव्हॉन म्हणाली, "तुझ्या हातांना वेगळाच वास येतोय." आता बायकाही पेट्रोलचे वास ओळखायला लागल्या.

१ जून

रोझाली न बोलावता आली. वाटेत होते म्हणाली. तिच्या घरापासून माझ्या हँगरपर्यंत वाटेत मक्याशिवाय काही नाही, म्हणजे मुद्दामच आलेली. इंजिनाचं झाकण मी उघडून ठेवलं होतं. तिने सरळ हात घातला आणि इंजिनातल्या पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी चिमटीत धरली. वरून आगीपासून राखणारं जाड नारिंगी आवरण असतं, आत काय ते दिसत नाही. तरी तिने दाबून बघितली.

"मऊ लागतेय, आर्लन."

"रबर आहे. दगड नाही."

"वाटीत काय मिळालं होतं?"

हे तिला कोणी सांगितलं? लव्हॉनने. बायका फोनवर काय बोलतात ते आता कळलं.

"धूळ मिळाली होती."

"धूळ पसरते का बोटाने? पेट्रोल कुठलं भरतोस?"

"माझ्या पंपाचं."

"आज तपासू या. दोन मिनिटांचं काम आहे. तुझीच नळी घे."

मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही, कारण लव्हॉन ही वही वाचत असेल तर मला ते परत ऐकावं लागेल. थोडक्यात असं, की मी इथेनॉलविरुद्ध लढत होतो तेव्हा ही विमान कंपनीच्या पगारावर होती. तिने शांतपणे हात पुसले. "पंधरा दिवसांनी तू त्यात दुसऱ्याला बसवणार आहेस," म्हणाली. "नळ्या दे बदलून. मी येते मदतीला." आणि गेली.

ती गेल्यावर मी काचेची नळी काढली. खुणेपर्यंत पाणी भरलं. कॅनचं झाकण उघडलं. मग पाणी ओतून दिलं. पेट्रोलच्या भीतीने नाही. ते शुद्धच आहे, ह्यात शंका नाही. पण मी तपासलं असं जरी झालं असतं, तरी त्या बाईचं ऐकलं असं झालं असतं. एकतीस वर्षं मी मुलांना सांगितलं, मोजा आणि मग कापा. आज मोजलं नाही. असो. शुद्धच आहे.

नळ्या हिवाळ्यात बदलीन.

११ जून

शनिवारी डेल्मर. लव्हॉनने त्याच्या घरच्यांना आणि निम्म्या चर्चला धावपट्टीवर जेवायला बोलावलंय. बटाट्याचं सॅलड किती करावं ह्यावर तीन दिवस फोन चाललेत. तिने नवा ब्लाउज आणलाय. मी म्हटलं, मेहुण्याला चक्कर मारून आणतोय, चंद्रावर नेत नाहीये. तर म्हणाली, "आर्लन, तुला काय ठाऊक मला काय वाटतंय ते." मला ठाऊक नाही हे बरोबर आहे.

विमान आज एकट्याने उडवून बघितलं. वीस मिनिटं. उत्तम. मात्र चढताना थ्रॉटल, म्हणजे ताकद वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे नेला नाही. का नेला नाही? एकट्याला गरज नव्हती.

१७ जून

उजवं मनगट मोडलंय. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कर्टसारखं येतंय.

शनिवारी दहा वाजता उडालो. वारा नव्हता. खाली तीस माणसं आणि एकोणीस भांडी सॅलड. डेल्मर एरवी मुका माणूस, पण वर गेल्यावर त्याचं तोंड बंद होईना. "ते बघ, धाकट्याचं शेत. ती ओळ वाकडी, ते बघ, मीच पेरली, झोप लागली होती. मास्तर, डावीकडे घे. तो बाबांनी खणलेला चर. बाबा म्हणायचे सरळ आहे, आम्ही हसायचो. सरळच आहे रे!" त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मला वाटत होतं तो खोट काढायला आलाय. तो विमानाकडे बघतच नव्हता. काचेला कपाळ टेकवून खाली बघत होता आणि डोळे पुसत होता.

धान्याच्या टाक्यांपाशी वळलो. वर चढायला थ्रॉटल पूर्ण पुढे नेला. दोन माणसांचं वजन होतं, न्यावाच लागला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. अर्ध्यावर आणला तर धरलं. पुढे नेला, परत मेलं. आम्ही साडेतीनशे फुटांवर होतो.

"मास्तर, काय झालं?"

"गप्प बस आणि पट्टा आवळ."

आणि त्याला बोललेलं हे आजवरचं शेवटचं.

समोर त्याचं सोयाबीन होतं, घोट्याएवढं. सरळ टेकवलं. टेकवलं चांगलं, हे मी म्हणेन. पण शेताच्या कडेला चर होता, बापाचाच. पुढचं चाक त्यात गेलं आणि विमान नाकावर उभं राहून परत आपटलं. माझं मनगट. डेल्मरची पाठ. त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, मणका चेपलाय, शस्त्रक्रिया झाली. पाय हलतील की नाही ते सूज उतरल्यावर सांगू म्हणतात.

धावपट्टीवरून सगळ्यांनी बघितलं. लव्हॉन सोयाबीनमधून धावत आली. आधी डेल्मरकडे गेली. बरोबर केलं.

२० जून

सरकारी तपासनीस आला होता, सोबत रोझाली. त्यांनी ती नळी काढली, नारिंगी आवरण सोललं आणि चाकूने लांबीला चिरली. आतलं अस्तर सुटलं होतं. फुगून, मऊ होऊन, एका बाजूने उकलून आत लोंबत होतं. थोडं पेट्रोल जायचं तर बाजूने जायचं. जास्त ओढलं की ते अस्तरच वाहत जाऊन तोंडावर बसायचं. वाटीत मिळाले होते ते त्याचेच कण. मी रोझालीला सुनवलं असतं तसं ती मला सुनवेल म्हणून मी तयार होतो, तर तिने फक्त ती नळी कागदात गुंडाळली.

मग तिने माझ्याच कॅनमधलं पेट्रोल माझ्याच काचेच्या नळीत घेतलं. हलवलं. पाण्याचा थर खुणेच्या वर गेला. दंतवैद्याच्या थेट बरोबरीने.

मी म्हणालो, सोसायटीने फसवलं. मी कर्टला कोर्टात खेचतो. तपासनिसाने कर्टला बोलावलं. तो टोपी हातात धरून आला, आणि टोपीत सोसायटीचं छापील पत्रक.

"नोव्हेंबरपासून, सर. डेपोतून निव्वळ पेट्रोल यायचंच बंद झालं. पत्रक घरोघर गेलं. वार्षिक सभेत सांगितलं, चर्चच्या फळ्यावर लावलं. पंपावर पट्टी आहे."

पत्रकं मी न वाचता चुलीत घालतो. वार्षिक सभेला तेरा वर्षं गेलो नाही. पट्टीचं वर लिहिलंच आहे.

"आणि मला कोणी सांगितलं नाही? चारशे माणसांतल्या एकालाही तोंड नव्हतं?"

"सर," कर्ट म्हणाला, आणि तो खरोखर रडवेला झाला होता, "तुम्हाला इथेनॉलचं कोण सांगणार? तुमच्याइतकं कोणाला कळतं? तुम्ही डिसेंबरात आलात, गपचूप त्याच पंपावर भरलंत, काही बोलला नाहीत. जानेवारीत आलात. आम्हाला वाटलं, सरांनी सोडून दिलं. गावाशी मिटवलं. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं की त्यावरून तुम्हाला कोणी चिडवायचं नाही. जुनी गोष्ट उकरायची नाही."

हे आमचं गाव. दुखऱ्या जागी बोट ठेवायचं नाही, ही इथली सभ्यता. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आधी हवेवर बोलतील. ह्या सभ्यतेला मी जन्मभर शिव्या दिल्या, आणि ह्या वेळी गावकरी ती माझ्याकरता, मला लाज वाटू नये म्हणून, पाळत होते. कॅफेतला फुकटचा अॅपल पाय. पाद्रीबुवांचे दोन हात. सात महिने आख्खं गाव मला भला माणूस समजत होतं, आणि मी तोंड वाकडं करून त्यांच्यातून फिरत होतो.

घरी येऊन लव्हॉनला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू माझ्यासाठी केलंस." आणि घडी घातलेला टॉवेल मोडून परत घातला.

मला आजवर इतकं कोणी बोललेलं नाही. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं.

२२ जून

तपासनिसाचा फॉर्म. सातव्या पानावर प्रश्न आहे: इंधनात मद्यार्क असल्याचे वैमानिकास ठाऊक होते काय? दोन चौकटी. हो. नाही.

दुपारभर त्या दोन चौकटींकडे बघितलं. हो म्हटलं तर मी बेदरकार ठरतो. पण मग गावाला वाटलं ते खरं ठरतं. मी गावाशी मिटवलं, मेहुण्याचा मका विमानात घातला, आणि दुर्दैवाने घात झाला. कर्ट सुटतो, लव्हॉनचं मन राहतं. डेल्मरला अजून काही कळलेलं नाही, तो दवाखान्यात पडल्या पडल्या नर्सना सांगतोय म्हणे, "मी माझ्या स्वतःच्या मक्यावर उडून आलो." नाही म्हटलं तर मी गाढव. इथेनॉलवर तेरा वर्षं व्याख्यानं देणारा आणि स्वतःची टाकी न तपासणारा. तपासायला नळी हातात घेऊन, रोझालीपुढे हार जाऊ नये म्हणून पाणी ओतून देणारा.

लव्हॉन मागून आली, फॉर्म बघितला. "हो वर खूण केलीस तर मी काही म्हणणार नाही," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण डेल्मरला तू स्वतः सांग. जे असेल ते."

डाव्या हाताने नाहीवर खूण केली. चौकटीबाहेर गेली, पण कळते.

२३ जून

दवाखान्यात गेलो. डेल्मर उताणा होता, मान हलवायची नाही, म्हणून छताशी बोलत होता.

"मास्तर आला का? ये. ह्यांची कॉफी तुझ्यापेक्षा कडू आहे."

मी लगेच सांगितलं. नंतर सांगता आलं नसतं. म्हटलं, "डेल्मर, मला ठाऊक नव्हतं. पेट्रोल बदललंय हे मला ठाऊकच नव्हतं. असतं तर थेंबभर घातलं नसतं. मी काही सोडून दिलं नव्हतं, काही मिटवलं नव्हतं. रोझालीने तपास म्हटलं, तेही मी गुर्मीत केलं नाही. आणि तुला नेलं ते तू मला हसायला येतोयस असं समजून नेलं."



"म्हणजे हॅमच्या वेळी..."

"तू कशाबद्दल बोलतोयस ते मला कळलंच नव्हतं."

"मी बोर्डात सांगितलं होतं," तो छताला म्हणाला. "सगळ्यांसमोर. म्हटलं, आपला आर्लन आला. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

मला गावाला नावं ठेवायला दोनशे पानं कमी वाटत होती. तिथे खुर्चीवर बसून स्वतःला नावं ठेवायची वेळ आली. म्हणालो, "माझं चुकलं. तेव्हाचंही. तुमचे बाबा जाऊन तीन आठवडे झालेत हे मला सभेत ठाऊक होतं." ते ठाऊक होतं. पहिल्या पानावर मी खोटं लिहिलंय.

"मग आज कशाला आलास? हे सांगायला?"

"तुझे पाय बघायला."

तो हसला नाही. म्हणाला, "बघ मग. उचल पांघरूण. तपासणीतला तज्ज्ञ ना तू? नीट बघ, मला इथून दिसत नाही, आणि हे डॉक्टर गोडगोड बोलतात. तू खरं सांगशील."

मी पांघरूण वर केलं. त्याचे पाय पांढरे, शेतकऱ्याचे, कधी ऊन न बघितलेले. त्याने दात आवळले, कपाळावर घाम आला. उजव्या पायाचा अंगठा हलला.

"उजवा हलला," मी म्हणालो.

"आणि डावा?"

"नाही."

"परत बघ."

परत बघितलं. "नाही, डेल्मर."

"बस तिथेच," तो म्हणाला. "बघत राहा. हलला तर सांग. नाही हलला तर तेही सांग."

मी खुर्ची पायथ्याशी ओढली. नर्स जेवण घेऊन आली, भरवून गेली. तो मधूनमधून जोर लावायचा आणि विचारायचा, आणि मी नाही म्हणायचो. संध्याकाळी लव्हॉन घ्यायला येईपर्यंत मी त्या डाव्या अंगठ्यावरून नजर काढली नाही. तो हलला नाही. उद्या सकाळी आठपासून भेटायला सोडतात, आठला जाणार आहे.